दोन शीट बाकी

लोटनआप्पांना मी बसलेलं पाहिलं ते फक्त स्टेअरिंगवर. एरवी माणूस सदैव उभा. चहा उभ्याने, भाकरी उभ्याने, आणि दाढी करायला सलूनमध्ये खुर्चीवर टेकलेच तर एक गाल झाला की उठायचे, दुसऱ्या गालाचा साबण तसाच ठेवून रस्ता ओलांडायचे, गाडीभोवती एक चक्कर मारायचे आणि परत यायचे. सलूनवालाही वस्तरा हातात धरून शांत उभा राही. कुणी म्हटलं, "बठा ना आप्पा," की ठरलेलं उत्तर यायचं, "बठीसन काय करू?" ह्या प्रश्नाचं उत्तर शहाद्यात अजून कुणाला सापडलेलं नाही.

मी तेव्हा डोंगरातल्या धडगावच्या शाळेत गणित शिकवत होते. बिऱ्हाड शहाद्याला, आप्पांच्याच गल्लीत. सोमवारी वर जायचं, शनिवारी खाली यायचं, आणि घाटाची ती वाट बहुतेक वेळा आप्पांच्या गाडीतून कापायची. माहेर धुळ्याचं असल्यामुळे त्यांची अहिराणी मला परकी नव्हती. उलट वर्गात दिवसभर प्रमाण मराठी बोलून जीभ आखडली की त्यांच्या गाडीत बसल्यावर ती सैल व्हायची.

बुटका, काटक माणूस. पांढरा शर्ट, त्याच्या खिशात बडीशेपेची पुडी, मनगटावर घड्याळ उलटं, म्हणजे तबकडी आतल्या बाजूला. किल्ली बोटात सतत फिरती. आणि तोंडात एक प्रश्न, जो ते जगातल्या प्रत्येक गोष्टीला लावायचे: "भरनी का?" शेजारची जीप भरली का, नळाची टाकी भरली का, बाजार भरला का. मी नवीन वर्गाला शिकवायला लागले तेव्हा त्यांनी पोरं हुशार आहेत का हे विचारलं नाही. विचारलं, "शाळा भरनी का?"

ह्यामागे त्यांचा जन्मभराचा धंदा होता. शहादा-धडगाव लाईनवर जीप लावायची म्हणजे नंबरात उभं राहायचं. ज्याचा नंबर त्याने गाडी भरायची, भरली की हलायचं, मग मागची गाडी पुढे येते. नंबर आला तेव्हा गाडी जागेवर नसेल तर नंबर गेला, परत सगळ्यांच्या मागे. हे सगळे नंबर गुमानभाऊ पावरा नावाचा एक सावकाश बोलणारा माणूस निव्वळ डोक्यात ठेवायचा, आणि त्याच्या शब्दापुढे स्टँडवर कुणाचं चालायचं नाही. बाकीचे ड्रायव्हर एखादी शीट रिकामी राहिली तरी कंटाळून निघायचे, वाटेत कुणी तरी भेटतंच. आप्पा नाही. भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा त्यांचा धर्मच.

आता गंमत अशी की ज्याला क्षणभर बसवत नाही त्या माणसाचा धंदाच मुळी थांबण्याचा. तुम्ही सकाळी पिशवी घेऊन स्टँडवर गेलात की आप्पा धावत येऊन पिशवी ताब्यात घेणार. "चाला मॅडम, दोनच शीट बाकी, निंघनीच गाडी." आत डोकावून पाहावं तर एक म्हातारी आणि तिची कोंबडी. पण पिशवी तर वर गेलेली. मग बसायचं. पहिल्या शीटा भराभर भरायच्या, ऑफिसवाले, नर्सबाई, आम्ही मास्तर मंडळी. आणि मग गाडी अडायची ती खरोखरच शेवटच्या दोन शीटांवर. तेवढ्या वेळात माझ्या वह्यांचा गठ्ठा तपासून व्हायचा. आप्पा बाहेर "धडगाव धडगाव धडगाव" करत येरझारा घालायचे, टायरला लाथ मारायचे, आत डोकं घालून आम्हालाच विचारायचे, "भरनी का?" जसं काही आम्ही आतून भरणार होतो.

त्यांच्या बायकोने, मथुराबाईंनी, धडगाव कधी पाहिलं नव्हतं. नवरा जन्मभर ज्या घाटाने रोज वर-खाली करतो तो घाट त्या बाईने पाहिलेला नाही, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थक्क झाले. त्या दारात बसून गहू निवडत होत्या. म्हणाल्या, "लगीन व्हयनं तैपासीन सांगी ऱ्हायनात, एखाद दिन शीट रिकामी ऱ्हायनी का तुले लई जासू. शीट काय रिकामी ऱ्हात नही, नि मी काय जास नही." आणि सुपातला खडा नेमका उचलून फेकला. रागाने नव्हे. पण हसत होत्या असंही म्हणवत नाही.

क्लचने आप्पांचा डावा गुडघा खाल्ला. घाटात तो पाय सारखा क्लचवर, वर्षानुवर्षं. नंदुरबारच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की जीप सोडा नाहीतर गुडघा सोडा. आप्पा घरी आले आणि दिवसभर लंगडत अंगणात फेऱ्या मारत राहिले. मथुराबाई मला हळूच म्हणाल्या, "मॅडम, हाऊ मानूस घर बठना तर माले घर सोडनं पडी." त्या थट्टेने म्हणाल्या, पण भीती खरी होती. स्टेअरिंग काढून घेतलं तर ह्या माणसाचं काय करायचं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि त्यालाही.

वाट काढली ती मुलाने. सुनील सुरतेला कंपन्यांच्या माणसांची ने-आण करायचा. त्याच्याकडची सात जणांची विजेवरची गाडी त्याने बापाला धाडली. क्लच नाही, गियर नाही, डाव्या पायाला कामच नाही. आख्खं स्टँड बघायला जमलं. आप्पांनी बॉनेट उघडून दाखवलं आणि आत इंजिन नसल्याचं पाहून स्वतःच जरा वरमले.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम तीच गाडी धरली. घाट चढताना आवाजच नाही. मागे बसलेल्या पावरा आदिवासी आजीने घाबरून तिच्या बोलीत शेजारच्याला काही विचारलं, त्याने आम्हाला सांगितलं की आजी म्हणते, गाडी बंद पडली आणि आपली आपण चालली आहे. तिला धीर यावा म्हणून आप्पा प्रत्येक वळणावर गरज नसताना हॉर्न वाजवत राहिले. चेहरा लग्नातल्या नवरदेवासारखा. आणि खरं सांगते, त्या दिवशी त्यांना इतकं खूष पाहून मलाही फार बरं वाटलं.

मग सुरू झालं चार्जिंगचं दुखणं.

घरच्या प्लगला संध्याकाळी लावलेली गाडी उजाडलं तरी भरलेली नसे. आप्पांनी आधी लाईटवाल्यांना शिव्या दिल्या, मग सुनीलला, मग गाडीला. शेवटी वायरमन आला आणि त्याने वायरला हात लावून बघायला सांगितलं. वायर कोमट. घरातली जुनी बारीक वायर, तिच्यातूनच फ्रिज, पंखे, पाण्याची मोटर आणि आता गाडी. "आप्पा, तुम्ही सुतळीने बैल बांधला आहे," तो म्हणाला. त्याने मीटरपासून वेगळी जाड लाईन ओढली, अर्थिंग नीट केलं, भिंतीवर चार्जरचा डबा बसवला. तरी एक गोष्ट त्याने बजावली. घरची वीज गाडीला थेट चालत नाही. गाडीच्या पोटातला एक छोटा चार्जर ती बदलून बॅटरीला देतो, आणि त्याचा घोट जेवढा तेवढाच तो घेणार. तुम्ही बाहेर विहीर आणून ठेवली तरी. आप्पांना हे पटलं नाही, पण सकाळी गाडी भरलेली मिळायला लागली म्हणून गप्प बसले.

खरी अडचण दुपारची. लाईनवर टिकायचं तर दिवसाला दोन फेऱ्या हव्यात. पहिली फेरी करून शहाद्यात उतरायचं, गावाबाहेरच्या पंपावर मोठं चार्जिंग मशीन आहे तिथे गाडी लावायची, आणि आपला नंबर येईपर्यंत स्टँडवर हजर व्हायचं. मशीन जबरदस्त होतं. ते घरच्यासारखं गाडीतल्या छोट्या चार्जरच्या वाटेला जात नाही, थेट बॅटरीत भरतं. हिवाळ्यात सगळं सुरळीत झालं. पण होळी उलटली, खानदेशचं ऊन तापलं आणि मशीन आळसावलं. आप्पांचे नंबर चुकायला लागले.

पंपावर ललिता वसावे नावाची मुलगी मशीन सांभाळायची, आयटीआय झालेली, फाडकन बोलणारी. एके दुपारी तिच्या किंकाळीने पंपावरचे सगळे धावले. आप्पांनी बादलीभर पाणी आणून गाडीच्या बॉनेटवर ओतलं होतं आणि दुसऱ्या बादलीसाठी नळाकडे निघाले होते. जीपच्या काळात घाटमाथ्यावर रेडिएटर तापलं की हेच करायचं असतं ना.

"आप्पा, मशीन चालू आहे! आणि बॅटरी गाडीच्या पोटाखाली आहे, तोंडावर काय पाणी मारता?"

"तपनी म्हनीसन भरत नही, इतलं माले समजस!"

"ते बरोबर आहे," ललिता म्हणाली, आणि आप्पा बादलीसकट थबकले, कारण आपण बरोबर आहोत अशी त्यांची अपेक्षा नव्हती. मग तिने समजावलं. घाट चढताना बॅटरी जोराने वीज देते, उतरताना गाडी तीच वीज परत गोळा करते, दोन्हीमध्ये बॅटरी तापते. वर हे ऊन, खाली हा डांबरी रस्ता. तशीच तापलेली आणून लावली की गाडी स्वतःच मशीनला सांगते, हळू दे, मला सोसत नाही. मशीन द्यायला तयार असतं, गाडी घेत नाही. आणि मशीनच्या शेजारच्या नळीला, म्हणजे दुसऱ्या केबलला, दुसरी गाडी लागलेली असली तर मशीनची ताकद दोघांत वाटली जाते, ते वेगळंच.

आप्पांना सगळ्यात जास्त लागलं ते गाडी नाही म्हणते हे. "गाडी मन्ही, नि मालेच नही म्हनस?"

पण माणूस स्वस्थ बसणारा नव्हता हेच कामाला आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ओळखीच्या पपईवाल्याकडून हिरवी शेडनेट मागून आणली आणि पंपमालकाला न विचारता मशीनपुढच्या जागेवर मांडव घातला. घाट सावकाश उतरायला लागले. एसी बंद करून वीज वाचवायची सवय होती ती सोडली, गाडीला तिची बॅटरी थंड करू दिली. शेजारची नळी रिकामी असेल अशी वेळ ललिताला फोन करून विचारायला लागले. फरक पडला. आकडा झरझर चढायला लागला. ऐंशीपर्यंत.

ऐंशीच्या पुढे मात्र गाडी अशी काही रेंगाळे की बघवत नसे. शून्याजवळून ऐंशीपर्यंत जेवढा वेळ, जवळपास तेवढाच पुढच्या वीसला. आणि आप्पा शंभर झाल्याशिवाय नळी काढू द्यायचे नाहीत. मी गणित करून दाखवलं की एका फेरीला निम्म्याहून थोडीच जास्त बॅटरी लागते, ऐंशीवर निघालात तरी धडगावला जाऊन घरी येऊन उरते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "हिशोब बराबर शे मॅडम. पन गाडी भरनी नही ना." मला संताप आला. वर्गातला ढ पोरगा परवडला, तो निदान ऐकत तरी नाही.

आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, तोंडावर आली. माहेरवाशिणी, गुजरातेतून कामावरून परतणारी माणसं, आमचूरची पोती, सगळी लाईन तुडुंब. गुमानभाऊंनी आप्पांना बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं, "आप्पा, आते गर्दीमा नंबर चुकना, मंग लाईनमा गाडी लावू नका. बाकीना कुरकुर करी ऱ्हायनात." आप्पांनी मान हलवली. जीप गुडघ्याने बंद केली होती. ही गाडी लाईनमधून गेली की उरल्या अंगणातल्या फेऱ्या.

त्याच आठवड्यात निकालाच्या कामाला मला दुपारच्या फेरीने वर जायचं होतं. पुढची शीट मिळावी म्हणून मी पंपावरूनच गाडीत बसले. आकडा ऐंशीच्या जरा वर. आप्पा मांडवाखाली लंगडत फेऱ्या मारत होते. पडद्याकडे बघ, घड्याळाकडे बघ, बडीशेप तोंडात टाक, नळी हाताने दाबून बघ. ललिता म्हणाली, "काढा आप्पा, आता हे हळूच जाणार." ते म्हणाले, "थोडंच ऱ्हायनं." आकडा एकने वाढला. मला वाटलं उतरून आपणच ती नळी उपटावी.

फोन वाजला. गुमानभाऊंचा आवाज मला गाडीतही ऐकू आला. "आप्पा, नंबर उना. कोठे शे तुम्हीन?"

आणि आप्पांच्या तोंडून जन्मभराच्या सवयीने निघालं, "उनू उनू! भरीच ऱ्हायनी, दोनच शीट बाकी!"

ललिता फिस्सकन हसली. आप्पा हसले नाहीत. फोन कानावरून खाली घेतला आणि मशीनच्या पडद्याकडे असे बघायला लागले, जणू कुणी भर बाजारात त्यांना ओळखून हाक मारली होती.

"मॅडम," ते म्हणाले, "मन्ही जीपमा पयल्या शीटा कशा भरतस?"

"भराभर."

"नि शेवटन्या दोन?"

"शेवटच्या दोन शीटांपायी माझा अर्धा जन्म गेलाय तुमच्या गाडीत."

"पयला मानूस कोठेबी बठस," आप्पा स्वतःशीच बोलत होते. "शेवटलासाठे सगळासले पाय आखडना पडतस, मंग त्याले जागा व्हस. जोर करा तर कोनले तरी लागस."

"असंच आहे आतमध्ये," ललिता म्हणाली. "म्हणून ती हळू घेते."

"नि त्या दोन शीटसाठे मी नंबर दवडी ऱ्हायनू." ते ललिताकडे वळले. "काढ व पोरी. काढी टाक!"

तिने नळी काढली. गाडी स्टँडकडे निघाली. शंभर नसलेली गाडी घेऊन ते पहिल्यांदाच निघाले होते. मागची जीप पुढे सरकायला लागलीच होती. आप्पांनी हॉर्नवर जो हात ठेवला तो जागेवर पोचेपर्यंत उचलला नाही. गुमानभाऊंनी जीपवाल्याला हाताने थांबवलं. नंबर वाचला. त्या दिवशी धडगावला जाऊन, रात्रीच्या आत खाली येऊन, पडद्यावर भरपूर आकडा शिल्लक होता, आणि आप्पा तो येईल त्याला दाखवत सुटले, जणू शोध त्यांनीच लावला. लावलाच होता म्हणा.

तेव्हापासून ऐंशीला नळी काढायची, पुढची भर घरी सावकाश करायची. पुढचं वर्षभर त्यांचा एकही नंबर चुकला नाही. माणसांच्या बाबतीत मात्र धर्म तोच. गाडीत सात जण झाल्याशिवाय स्टँड सोडायचे नाहीत. "बॅटरीनं येगळं शे, मानसंसनं येगळं," असं मला सुनावलं.

पण गुडघ्याने ऐकलं नाही. क्लच सुटला तरी आधीच झिजलेलं ते झिजलेलंच. डॉक्टरांनी पावसाळ्याआधी ऑपरेशन करायचं ठरवलं आणि हेही सांगितलं की त्यानंतर घाटात गाडी चालवणं नाही. मथुराबाईंनी मला हे दारात उभं राहून सांगितलं. मी आप्पांना विचारलं, आता काय करणार? ते म्हणाले, "बठसू." स्वतः बसण्याची गोष्ट ह्या माणसाच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.

त्याच सुमारास माझी बदली खांडबाऱ्याला झाली. धडगावचा शेवटचा दिवस उरकून सामानासकट सकाळच्या एसटीने मी घाट उतरत होते. एका अरुंद वळणावर समोरून गाडी आली आणि एसटी थांबली. पांढरी गाडी, आवाज नसलेली. आप्पा.

एसटीच्या खिडकीतून मला गाडीतलं सगळं दिसत होतं. मधल्या रांगेत एक पावरा बाई, तिच्या मांडीवर मूल. मागची रांग पूर्ण रिकामी. आणि पुढच्या शीटवर, काच खाली करून, पदर वाऱ्याने उडू नये म्हणून दातांत धरून मथुराबाई बसल्या होत्या. नवी इरकली नेसल्या होत्या. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या दरीकडे बघत होत्या. मग पदर तोंडातून सुटला आणि त्या मोठ्याने म्हणाल्या, "व माय! कितला खोल शे हाई! नि तुम्हीन रोज आठेथीन जातस?"

मी खिडकीतून ओरडले, "आप्पा, गाडी रिकामी चाललीय!"

त्यांनी डोकं बाहेर काढून आधी मला ओळखलं. मग एकदा शेजारच्या शीटकडे पाहिलं.

"कोन म्हने रिकामी?" ते ओरडले. "भरनी!"

आणि गरज नसताना जोरात हॉर्न वाजवून गाडी वर निघून गेली.